शल्यविद्येचा महागुरू, व्यसनाचा बंदी

व्यसनी माणूस म्हटला की मराठी वाचकाला प्रथम आठवतो तो ‘एकच प्याला’मधला सुधाकर. बुद्धिमान, मानी, पण अपमानाच्या एका क्षणी पेल्याला जवळ करणारा आणि पाहता पाहता संसारासकट बुडणारा. राम गणेश गडकऱ्यांनी रेखाटलेले हे चित्र मनात इतके खोलवर रुजले आहे, की व्यसन आणि अधःपतन हे दोन शब्द आपण एकमेकांपासून वेगळे करूच शकत नाही. जो वेळेवर कामाला जातो, ज्याचे कपडे परीटघडीचे असतात, ज्याच्या शब्दाला चार माणसांत मान असतो, तो व्यसनाधीन असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. आणि एखाद्याचे व्यसन सुटलेच नाही, तर तो त्याच्या मनाचा दुबळेपणा, असा निकालही आपण चटकन देऊन टाकतो.

या दोन्ही समजुतींना छेद देणारे एक आयुष्य वैद्यकाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. डॉ. विल्यम स्टुअर्ट हॉलस्टेड हे आधुनिक अमेरिकी शल्यविद्येचे जनक मानले जातात. शस्त्रक्रियेच्या वेळी रबरी हातमोजे वापरण्याची प्रथा त्यांच्या विभागातून रूढ झाली. इंजेक्शन देऊन शरीराचा ठरावीक भाग बधिर करण्याच्या तंत्राचा पाया त्यांनी घातला. तरुण डॉक्टरांना रुग्णालयातच ठेवून टप्प्याटप्प्याने शल्यचिकित्सक घडवण्याची पद्धत त्यांनी अमेरिकेत रुजवली. याच हॉलस्टेड यांना वयाच्या तिशीत कोकेनने गाठले आणि पुढे मॉर्फिनने जी पकड घेतली, ती त्यांच्या कीर्तीच्या ऐन बहरातही सुटली नाही.

हॉलस्टेड यांचा जन्म २३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्कमधील एका सधन व्यापारी कुटुंबात झाला. वडील कापडाच्या आयातीचा मोठा व्यवसाय करीत. घरात कशाची ददात नव्हती आणि विद्यार्थिदशेत अभ्यासाची विशेष ओढही नव्हती. येल विद्यापीठात ते फुटबॉल संघाचे कर्णधार म्हणूनच अधिक ओळखले जात. शेवटच्या वर्षात मात्र शरीररचनाशास्त्राचे पुस्तक हाती पडले आणि त्यांची दिशा बदलली. १८७४ मध्ये येलची पदवी आणि १८७७ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स’ची वैद्यकीय पदवी त्यांनी संपादन केली. त्यानंतरची दोन वर्षे त्यांनी युरोपात घालवली. त्या काळी शल्यविद्येची काशी होती ती व्हिएन्ना. थिओडोर बिलरोथ यांच्यासारख्या आचार्यांच्या सान्निध्यात त्यांनी शस्त्रक्रियेमागचे शास्त्र आणि शिस्त पाहिली.

१८८० मध्ये ते न्यूयॉर्कला परतले, ते एखाद्या वावटळीसारखे. एकाच वेळी अनेक रुग्णालयांत शस्त्रक्रिया, रात्री विद्यार्थ्यांचे वर्ग आणि शिवाय मित्रांच्या मैफली. त्यांच्या धाडसाच्या कथा वैद्यकवर्तुळात सांगितल्या जात. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने बहीण मृत्यूच्या दारात पोहोचली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या शिरेतून रक्त काढून तिला दिले. रक्तगटांचा शोध लागायला तेव्हा आणखी वीस वर्षे होती. १८८२ मध्ये आईच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया त्यांनी मध्यरात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर केली. दोघीही वाचल्या. जंतुनाशनाविषयी ते इतके आग्रही होते, की बेलव्ह्यू रुग्णालयातील अस्वच्छ शस्त्रक्रियागृह नाकारून त्यांनी आवारातच शस्त्रक्रियांसाठी स्वतंत्र तंबू उभारून घेतला. अशा या उमद्या, निर्भय, यशस्वी तरुणाच्या आयुष्यात १८८४ साल उजाडले.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये व्हिएन्नातील कार्ल कोलर या तरुण डॉक्टरचा एक शोध जर्मनीतील हायडेलबर्ग येथील नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत मांडला गेला. कोकेनच्या द्रावणाचे थेंब डोळ्यात घातले की डोळा बधिर होतो आणि रुग्ण जागा असताना शस्त्रक्रिया करता येते. ईथर किंवा क्लोरोफॉर्मने पूर्ण बेशुद्ध करण्याचा धोका ज्या काळात प्रत्येक शस्त्रक्रियेत पत्करावा लागत होता, त्या काळात ही वार्ता विजेसारखी पसरली. तिचे मोल हॉलस्टेड यांनी तत्काळ ओळखले. थेंब टाकून पृष्ठभाग बधिर होत असेल, तर मज्जातंतूजवळ इंजेक्शन देऊन तो मज्जातंतू जिथवर पोहोचतो तो सारा भाग बधिर का होऊ नये, असा त्यांचा विचार होता. रिचर्ड हॉल आणि अन्य सहकाऱ्यांसह ते प्रयोगाला लागले. प्रयोगासाठी शरीर कोणाचे, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. ते स्वतःला आणि एकमेकांना इंजेक्शन देत गेले. काही आठवड्यांतच त्यांनी खालच्या जबड्याचा मज्जातंतू बधिर करून दाखवला. आज दंतवैद्य दाढ काढण्यापूर्वी जे इंजेक्शन देतात, त्याचे मूळ या प्रयोगांत आहे.

कोकेन मज्जातंतूतील विद्युतसंदेश रोखते, म्हणून वेदना मेंदूपर्यंत पोहोचत नाही. शल्यचिकित्सकाला हवा होता तो एवढाच गुण. पण तोच रेणू रक्तातून मेंदूत गेला की वेगळेच कार्य करतो. आनंद आणि प्रेरणा यांच्याशी निगडित असलेले डोपामाइन हे रसायन मेंदूतील पेशी वापरानंतर पुन्हा शोषून घेतात. कोकेन हे शोषण अडवते. परिणामी थकवा नाहीसा होतो, झोप लागत नाही, विचारांना विलक्षण वेग येतो आणि आपण काहीही करू शकतो असे वाटू लागते. असर उतरला की तितकीच खोल खिन्नता येते आणि तिच्यावरचा सर्वांत जवळचा उपाय म्हणजे पुढचे इंजेक्शन. ही साखळी एकदा जुळली की मेंदू त्या रसायनाला भूक आणि तहान यांच्या पंक्तीत नेऊन बसवतो. आज हे ज्ञान पाठ्यपुस्तकांत आहे. १८८४ मध्ये ते कोणालाही नव्हते. कोकेन हे निरुपद्रवी उत्तेजक आहे, असेच अनेक नामवंतांचे मत होते. तरुण सिग्मंड फ्रॉइड यांनी त्याच वर्षी कोकेनची तरफदारी करणारा प्रबंध लिहिला होता.

अवघ्या वर्षभरात चित्र पालटले. हॉलस्टेड वर्गांना गैरहजर राहू लागले, शस्त्रक्रिया टाळू लागले. १८८५ च्या सप्टेंबरमध्ये ‘न्यूयॉर्क मेडिकल जर्नल’मध्ये कोकेनविषयी त्यांचा एक लेख छापून आला. नेमकेपणाबद्दल प्रसिद्ध असलेल्या या डॉक्टरचा तो लेख इतका विस्कळीत होता, की पहिले वाक्यच कुठे सुरू झाले आणि कुठे संपले याचा बोध होत नाही. लेख वाचणाऱ्या जाणकारांना तो लिहिणाऱ्याच्या अवस्थेचाच पुरावा वाटला. प्रयोगात सामील झालेल्या काही सहकाऱ्यांची कारकीर्द या व्यसनाने कायमची संपवली. रिचर्ड हॉल यांना न्यूयॉर्क सोडून दूर कॅलिफोर्नियात जावे लागले. यांपैकी कोणीही मौजेसाठी सुई टोचून घेतली नव्हती. व्यसनाचा दरवाजा कर्तव्यबुद्धीने, जिज्ञासेने, इतकेच काय परोपकारानेही उघडू शकतो, हे या गटाच्या शोकांतिकेने दाखवून दिले.

या पडत्या काळात त्यांच्या मागे उभे राहिले ते विल्यम वेल्श. बाल्टिमोर येथे उभ्या राहत असलेल्या जॉन्स हॉपकिन्स या संस्थेचे ते विकृतिशास्त्रज्ञ आणि हॉलस्टेड यांचे न्यूयॉर्कमधील जुने मित्र. १८८६ च्या आरंभी वेल्श यांच्या पुढाकाराने हॉलस्टेड यांना शिडाच्या जहाजातून वेस्ट इंडीजच्या दीर्घ सफरीवर नेण्यात आले. समुद्रावर मोजकाच साठा असेल, तो हळूहळू कमी करत संपवता येईल, असा हिशेब होता. तो फसला. त्यानंतर ते ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथील बटलर मनोरुग्णालयात दाखल झाले. तेथे ते आडनाव वगळून केवळ विल्यम स्टुअर्ट या नावाने राहिले. नाव झाकण्याची गरज त्यांना वाटली, यातच त्या काळातली आणि आजचीही सामाजिक नजर दिसून येते.

कोकेनवाचून तळमळणाऱ्या रुग्णाला शांत करण्यासाठी मॉर्फिन देण्याची तेव्हा पद्धत होती. उपचाराच्या या मार्गाने हॉलस्टेड यांच्या आयुष्यात मॉर्फिन आले आणि कायमचे राहिले. नेमकी याच्या उलट चूक व्हिएन्नात घडली होती. फ्रॉइड यांनी आपले मित्र अर्न्स्ट फॉन फ्लाइश्ल यांचे मॉर्फिनचे व्यसन सोडवण्यासाठी त्यांना कोकेन दिले आणि त्यांना दोन्हींच्या आहारी गेलेले पाहण्याची वेळ फ्रॉइड यांच्यावर आली. एका खंडात मॉर्फिनवर उतारा म्हणून कोकेन, दुसऱ्या खंडात कोकेनवर उतारा म्हणून मॉर्फिन. दोन्ही ठिकाणी हेतू शुद्ध होता. व्यसन हे पदार्थात नसून मेंदूच्या बदललेल्या घडणीत असते, एवढे मात्र अद्याप कोणाला उमगले नव्हते.

बटलरमधून बाहेर पडल्यावर हॉलस्टेड यांना न्यूयॉर्कमध्ये परत जाण्यासारखे काही उरले नव्हते. वेल्श यांनी त्यांना बाल्टिमोरला आपल्या घरी ठेवून घेतले आणि प्रयोगशाळेत जागा दिली. तेथे त्यांनी कुत्र्यांच्या आतड्यांवर प्रयोग करून टाके नेमके कोणत्या थरात घातले तर टिकतात, हे शोधून काढले. हे संशोधन १८८७ मध्ये हार्वर्ड येथे सादर झाले आणि त्याची प्रशंसाही झाली. त्याच वर्षी ते पुन्हा कोसळले आणि आणखी नऊ महिने बटलरमध्ये राहिले. बरा होत आलेला माणूस यशाच्या पहिल्या पायरीवरच घसरतो, हे पाहून जवळची माणसे सहसा निराश होतात. घसरण हा व्यसनाधीनतेच्या आजाराचा भाग आहे, असे आज उपचारक सांगतात. वेल्श यांच्यापाशी हे शास्त्र नव्हते, पण धीर होता. दुसऱ्यांदा परतलेल्या मित्रासाठीही त्यांनी प्रयोगशाळेचे दार उघडेच ठेवले.

१८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. पूर्वेतिहास ठाऊक असल्याने विश्वस्तांनी हॉलस्टेड यांची नेमणूक प्रथम हंगामी स्वरूपात केली. ते कसोटीला उतरले. १८९० मध्ये ते मुख्य शल्यचिकित्सक झाले, १८९२ मध्ये प्राध्यापक. आता जे हॉलस्टेड लोकांसमोर आले ते न्यूयॉर्कमधील धडाडीच्या तरुणाहून सर्वस्वी निराळे होते. मितभाषी, एकांतप्रिय, काहीसे तुसडे. पूर्वी वेगासाठी वाखाणले जाणारे त्यांचे हात आता कमालीचे संथ झाले होते. ऊती हळुवार हाताळाव्यात, प्रत्येक रक्तवाहिनी बांधावी, रक्त वाया जाऊ देऊ नये, टाक्यांवर ताण येऊ देऊ नये, हे त्यांचे दंडक. शल्यचिकित्सकाचे कौशल्य घड्याळाने मोजण्याच्या काळात त्यांनी रुग्णाच्या जखमेने ते मोजायला शिकवले. हर्नियाच्या शस्त्रक्रियेचे नवे तंत्र त्यांनी दिले. स्तनांच्या कर्करोगावरील त्यांची व्यापक शस्त्रक्रिया पुढे अनेक दशके प्रमाण मानली गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिची जागा कमी कापाकापीच्या उपचारांनी घेतली.

हातमोज्यांची कथा तर सर्वश्रुत आहे. शस्त्रक्रियागृहातील परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांचे हात जंतुनाशक रसायनांनी सोलवटून निघत. हॉलस्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी हातमोजे बनवून घेतले. हात वाचवण्यासाठी आलेले हे मोजे रुग्णांनाही जंतुसंसर्गापासून वाचवतात, हे काही वर्षांनी त्यांचे सहकारी जोसेफ ब्लडगुड यांनी आकडेवारीनिशी दाखवले. कॅरोलिन आणि हॉलस्टेड यांचा विवाह जून १८९० मध्ये झाला. त्यांना मूलबाळ नव्हते. दोघे मोठ्या घरात जवळजवळ स्वतंत्रपणे राहत आणि उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातील ‘हाय हॅम्प्टन’ या आपल्या मालमत्तेवर डेलियाची फुले जोपासत.

शल्यविद्येच्या शिक्षणाला त्यांनी दिलेली देणगी कदाचित या सर्वांहून मोठी ठरावी. व्याख्याने ऐकून आणि जमेल तशी उमेदवारी करून शल्यचिकित्सक होण्याचे दिवस त्यांनी संपवले. वर्षानुवर्षे रुग्णालयातच वास्तव्य, वाढत जाणारी जबाबदारी आणि शेवटी स्वतंत्र शस्त्रक्रिया असा क्रम त्यांनी आखला. निवासी डॉक्टर ही आज आपल्याही परिचयाची असलेली संकल्पना या परंपरेतून आली आहे. त्यांच्या हाताखाली १७ मुख्य निवासी शल्यचिकित्सक तयार झाले. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे प्रवर्तक हार्वे कुशिंग हे त्यांच्याच तालमीत वाढले.

हा सारा काळ मॉर्फिनही सोबत होते. १८८७ नंतर हॉलस्टेड पूर्णपणे व्यसनमुक्त झाले, अशी आख्यायिका त्यांच्या मृत्यूनंतरही कित्येक वर्षे टिकून होती. जॉन्स हॉपकिन्सचे दुसरे आधारस्तंभ विल्यम ऑस्लर यांनी एका मोहोरबंद टिपणात वस्तुस्थिती लिहून ठेवली होती. ते टिपण १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. १८९० मध्ये पूर्ण वेळ नेमणूक झाल्यानंतर काही महिन्यांनी ऑस्लर यांनी हॉलस्टेड यांना हुडहुडी भरून थरथरताना पाहिले होते. अनुभवी वैद्याला त्याचा अर्थ लगेच कळला. रोजची मात्रा चुकली की शरीर थंडी, घाम, पोटात गोळे आणि असह्य अस्वस्थता या रूपांत ती मागून घेते. ऑस्लर यांच्या नोंदीनुसार हॉलस्टेड तेव्हा दिवसाला सुमारे ३ ग्रेन, म्हणजे जवळपास २०० मिलिग्रॅम मॉर्फिन घेत होते. सवय नसलेल्या माणसाच्या जिवावर बेतेल अशी ही मात्रा आहे. त्यांच्या शरीराला मात्र तेवढी केवळ नेहमीसारखे वाटण्यासाठी लागत होती. पुढे १८९८ पर्यंत ती निम्म्यावर आली होती. ऑस्लर यांनी हे गुपित आयुष्यभर जपले आणि सहकाऱ्यावरचा विश्वासही ढळू दिला नाही.

मॉर्फिन घेऊनही ते इतके मोठे झाले, तेव्हा व्यसनात तसे वाईट काय, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घातक ठरेल. या वर्षांची किंमत हॉलस्टेड यांनी पुरेपूर मोजली. ते आठवडेच्या आठवडे नाहीसे होत. उन्हाळा आला की युरोपातील हॉटेलांत एकटेच राहत. पत्रे अनुत्तरित पडत, शस्त्रक्रिया ऐन वेळी साहाय्यकांवर सोपवल्या जात. मित्रांनी गजबजलेले तारुण्य सरून उरला तो एक बंद दरवाजा. शर्ट धुण्यासाठी पॅरिसला पाठवण्याइतका त्यांचा टापटिपीचा हव्यास वैद्यकवर्तुळात कौतुकाचा विषय होता. आपल्या आत काय चालले आहे याचा थांगपत्ता कोणालाही लागू न देण्याची ती धडपडही असावी. जॉन सिंगर सार्जंट यांनी रंगवलेल्या हॉपकिन्सच्या चार संस्थापक डॉक्टरांच्या प्रसिद्ध चित्रात वेल्श, ऑस्लर आणि हॉवर्ड केली यांच्या मागे हॉलस्टेड उभे आहेत, काहीसे सावलीत.

त्यांच्या नशिबी जी सावली आली, ती इतरांच्या नशिबी आली नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. १९१४ मध्ये अमेरिकेत हॅरिसन कायदा झाला आणि अफूजन्य पदार्थ व कोकेन यांवर कडक नियंत्रण आले. १९१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने व्यसनी माणसाला केवळ त्याची अवस्था स्थिर ठेवण्यासाठी डॉक्टरने मॉर्फिन लिहून देणे बेकायदा ठरवले. रस्त्यावरचा व्यसनी गुन्हेगार ठरला, त्याला औषध देणारे डॉक्टरही तुरुंगात गेले. व्याधी तीच होती. एकाकडे वेल्श आणि ऑस्लर यांच्यासारखे मित्र होते, काम होते, प्रतिष्ठा होती. दुसऱ्याकडे यांपैकी काहीच नव्हते. दोघांच्या शेवटांत जे अंतर पडले, ते मनोनिग्रहाच्या कमीअधिकपणाने पडले असे म्हणण्याचे धाडस हॉलस्टेड यांचे चरित्र वाचणारा करणार नाही. चार चार तास एका जखमेवर चित्त एकाग्र करणाऱ्या आणि जगाला शिस्त शिकवणाऱ्या माणसाला निग्रहाची वाण नव्हती. तरीही मॉर्फिन सोडणे त्यांना साधले नाही.

हॉलस्टेड यांना अखेरीस पित्तखड्यांनी गाठले. चाळीस वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात त्यांनी आईची ज्या विकारातून सुटका केली होती, तोच हा विकार. त्यांच्यावर शेवटची शस्त्रक्रिया त्यांच्याच शिष्यांनी, त्यांनीच शिकवलेल्या पद्धतीने केली. पण नंतर गुंतागुंत वाढली आणि ७ सप्टेंबर १९२२ रोजी, सत्तरावा वाढदिवस पंधरवड्यावर असताना, बाल्टिमोर येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संघटनेने स्थानिक भुलीच्या शोधाचे श्रेय देऊन त्यांचा गौरव केला होता. ज्या शोधाने त्यांचे आयुष्य विस्कटले, त्याची पावती मिळायला ३७ वर्षे लागली. कॅरोलिन त्यांच्यामागे तीन महिनेही राहिल्या नाहीत.

१९७३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथेच सॉलोमन स्नायडर आणि कँडेस पर्ट यांनी मेंदूतील अफूजन्य पदार्थांची ग्राहके दाखवून दिली. मॉर्फिन मेंदूला कुठे आणि कसे धरते याचा उलगडा व्हावा, तोही हॉलस्टेड ज्या संस्थेत आपले दुखणे लपवीत वावरले तिथेच, हा योगायोग विलक्षण आहे. त्याआधी १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमधील व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी मेथाडोनचा नियमित, नियंत्रित डोस देऊन व्यसनी माणसांना कामाधामाला लावता येते, हे सिद्ध केले होते. आज भारतातही ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे वैद्यकीय देखरेखीखाली याच तत्त्वावर दिली जातात. समुपदेशन, कुटुंबाचा आधार आणि अर्थपूर्ण काम यांची जोड मिळाली की त्यांचा गुण अधिक येतो. हॉलस्टेड यांना यांपैकी औषधशास्त्र लाभले नाही. मित्र आणि काम लाभले, आणि तेवढ्यावर त्यांनी शल्यविद्येचा चेहरामोहरा बदलला. १८८७ मध्ये बटलरमधून दुसऱ्यांदा बाहेर पडलेल्या त्या पस्तीस वर्षांच्या रुग्णाला वाया गेलेला म्हणून सोडून दिले असते, तर जगाने काय गमावले असते, याची कल्पना शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपलेल्या प्रत्येकाला करता येईल. असा दुसऱ्यांदा परतलेला माणूस घराघरांत असतो. त्याच्यासाठी दार उघडे ठेवणारा वेल्श मात्र क्वचितच कोणाला भेटतो.